आधी शाळेचा आकडा, मग घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून टेक्सासला यायचंय. नोकरीचे पर्याय दोन. एक डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोकडे. दुसरा पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात. मुलगी नववीत आहे, टेनिस खेळते, आणि "शाळा कुठली चांगली?" हे हवंय.

व्हिसा, सोशल सिक्युरिटी, लायसन्स हे सरकारी पानांवर नीट लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. शाळांची रेटिंग्जही तुम्ही पाहिलीच असणार. घराचा एजंट सांगत नाही आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुणी बोलत नाही तो आकडा वेगळाच आहे: शाळेत नववी ते बारावी मिळून मुलं किती, आणि ती वाढतायत की घटतायत.

इथल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा यूआयएल ही संस्था १९१० पासून चालवते. नुसते खेळ नाहीत. बँड, वादविवाद, चाळीस मिनिटांच्या आत संपवायची एकांकिका, दहा मिनिटांत ८० तोंडी गणितांचं "नंबर सेन्स" (कागदावर कच्चं काम केलं की बाद), सगळं तिच्याकडेच. पटसंख्येवरून शाळांचे १ए ते ६ए असे सहा गट पडतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी जी मुलं पटावर असतील ती मोजायची, आणि दर सम वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुढच्या दोन वर्षांची वाटणी जाहीर करायची. २०२४ च्या वाटणीत २२७५ पासून वर ६ए, १३१५ पासून ५ए, ५४५ पासून ४ए, आणि अगदी तळाला १०५ च्या खाली १ए. रेषाही सरकत राहते. ६ए ची रेषा २०२० मध्ये २२२० होती, २०२२ मध्ये २२२५. म्हणजे २२५० मुलांची शाळा जागची हलली नाही तरी २०२२ ला वरच्या गटात आणि २०२४ ला खालच्या. म्हणून ताजी यादी काढा, शेजाऱ्याची माहिती दोन वर्षं जुनी असते.

आता टेनिस. इथे टीम टेनिस शरद ऋतूत असतं. एका लढतीत १९ सामने: मुलगे सहा एकेरी, मुली सहा एकेरी, तीन-तीन दुहेरी, एक मिश्र. मुलींच्या एकेरीच्या जागा सहा, शाळा कितीही मोठी असो. ॲलन या गावाने एकच हायस्कूल ठेवलंय. मुलं सहा हजारांच्या वर, २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून १८,००० खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं (दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि ते काही काळ बंद ठेवावं लागलं, तो भाग वेगळा). तिथेही जागा सहाच. शेजारच्या फ्रिस्कोने उलटा हिशेब केला. एक शाळा २१०० च्या आसपास ठेवायची आणि गाव वाढलं की नवी काढायची. २०२२ पर्यंत बारा हायस्कुलं झाली. बारा शाळा म्हणजे बहात्तर जागा. अर्थात बारा ठिकाणी खाजगी कोचिंगला जाणारी आपलीच मुलंही आहेत, हेही धरून चाला.

फ्रिस्को अजून वाढतंय या समजुतीत मात्र येऊ नका. घरं महाग झाली, तरुण कुटुंबं उत्तरेला सरकली. फ्रिस्कोच्या दक्षिणेला लागूनच असलेल्या प्लेनोने २०२५ मध्ये दोन प्राथमिक आणि दोन मिडल स्कूल बंद केली. वाढ आता प्रॉस्पर, सेलायनाकडे आहे. प्रॉस्परमध्ये २०२० पर्यंत एकच हायस्कूल होतं, २०२५ पर्यंत चार झाली.

नवी शाळा उघडते तेव्हा बहुधा बारावीचा वर्ग नसतो. नववी-दहावीतल्या मुलीला हे सोन्यासारखं, वरच्या जागा अडवायला कुणी नाही. पण त्याच वेळी हद्दी पुन्हा आखतात. थोरली जुन्या शाळेत राहते, धाकटा नव्या शाळेत जातो, आणि जुनीत राहिलेल्या थोरलीला बस मिळेलच असं नाही. घर बघताना एजंटला "शाळा कुठली" विचारू नका, "पुढच्या तीन वर्षांत हद्द बदलायचा प्रस्ताव आहे का" हे विचारा, आणि उत्तर स्कूल बोर्डाच्या बैठकीच्या कागदांत स्वतः शोधा. हायस्कूलचा आकडा २२०० च्या जवळ असेल तर रेषेचाही हिशेब करा. त्या काठावर शाळा ६ए मध्ये गेली की ती गटातली सगळ्यात लहान ठरते.

भाड्याच्या घराचा सापळा सांगते, कारण आपले बहुतेक लोक यातच अडकतात. सहा महिने अपार्टमेंट, मग घर, हा आपला ठरलेला क्रम. पण पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत पालक त्या शाळेच्या हद्दीबाहेर राहायला गेले आणि मुलगी जुन्या शाळेतच राहिली, तर वर्ष होईपर्यंत व्हार्सिटी, म्हणजे शाळेचा मुख्य संघ, बंद. नव्या हद्दीतल्या शाळेत गेली तर नवा फॉर्म, जुन्या शाळेची सही, आणि "खेळासाठी शाळा बदलली का" यावर डिस्ट्रिक्ट कमिटीची, म्हणजे स्पर्धेतल्या आसपासच्या शाळांच्या समितीची, नजर. बाबा इर्विंगला, आई-मुलगी फ्रिस्कोला, असलं विभागलेलं बिऱ्हाड तर कमिटीला मुळीच चालत नाही. अपार्टमेंट आणि पुढचं घर एकाच हायस्कूलच्या हद्दीत शोधा, भाडं शंभर-दोनशे डॉलर जास्त पडलं तरी.

याहून मोठा सापळा नववीचा. पहिल्यांदा नववीत नाव घातलं तिथून सलग चार वर्षं खेळता येतं. पुण्यातली नववी त्यात धरली जाते. मार्चमध्ये नववी संपवून आलेल्या मुलीला इथली शाळा क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण झाल्याच्या नोंदी, जुळत नाहीत म्हणून, किंवा "भाषेला वेळ मिळेल" असं गोड बोलून, पुन्हा नववीत बसवते. आपल्यालाही तो समजूतदारपणा वाटतो. पण मग बारावीत पोचते तेव्हा तिची चार वर्षं संपलेली असतात. सवलतीचा अर्ज करता येतो, त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय १ सप्टेंबरला वय १९ च्या आत हवं. यावर मी जरा चिडून लिहितेय हे कळतंय मला. शाळेचा काउन्सेलर (वर्ग, विषय ठरवून देणारा) म्हणतो खेळाचं कोचला विचारा, कोच म्हणतो वर्गाचं काउन्सेलरला विचारा, आणि घड्याळ पुण्यातच सुरू झालंय हे दोघांच्याही डोक्यात येत नाही. आपण नवखे, मान डोलावून सही करतो. ती सही मागे घेता येत नाही. तुम्ही दहावीत प्रवेश मागा. गणिताचं क्रेडिट देत नसतील तर परीक्षेने क्रेडिट मागा. तो विषय आधी शिकलेला असेल तर ७० टक्के पुरतात, नसेल तर ८०.

शाळेच्या गुणांचंही भान असू द्या. दर सहा किंवा नऊ आठवड्यांच्या निकालात एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की खेळ थांबतो.

एकटेपणाचं विचारलंयत. फ्रिस्कोत गणपतीला पार्किंग मिळत नाही. पुढे.

लहान गावाचा पर्याय लोक हसून सोडून देतात, तसं करू नका. बोर्डन काउंटीची २०२० ची वस्ती ६३१, गेल गावातली एक शाळा अख्ख्या काउंटीला पुरते. अशा १ए शाळा सहा जणांचं अमेरिकन फुटबॉल खेळतात: मैदान शंभरऐवजी ८० यार्ड, चेंडू आपल्याकडे राखायला चार प्रयत्नांत दहाऐवजी १५ यार्ड, आणि ४५ गुणांची आघाडी झाली की सामना मध्यंतरानंतर कधीही तिथेच थांबतो. मुलं कमी म्हणून प्रत्येकाला सगळं करावं लागतं. हाफटाइमला फुटबॉलच्याच पॅडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा पोरगा तिथे नवलाचा नाही. तुमची मुलगी तिथे व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, नंबर सेन्स, एकांकिका, सगळ्यात असेल. टीम टेनिस नसेल, वसंतातलं वैयक्तिक टेनिस तेवढं, आणि सरावाला तोडीस तोड मुलगी मिळणं कठीण.

तिथली भीती वेगळी. २०२४ च्या रेषेने १०४ मुलं असतील तर १ए, १०६ झाली की २ए, म्हणजे दुपटीहून मोठ्या शाळांशी अकरा जणांचं फुटबॉल. मुलं घटत गेली की कॅल्क्युलस ऑनलाइन होतं, मग विज्ञानाचा शिक्षक जातो, मग शेजारच्या गावाशी विलीनीकरणाचा ठराव येतो. बऱ्याच लहान शाळांचा आठवडा आता चार दिवसांचा आहे. वर्षाची ७५,६०० मिनिटं भरली की राज्याला चालतं. दोघंही हॉस्पिटलात असाल तर शुक्रवारचं काय, हे आधी विचारा. गेल्या पाच वर्षांचे पटाचे आकडे मागा. सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथल्या शाळांचा प्रमुख, फोनवर स्वतः सांगतो, तिथे तो फोन स्वतःच उचलतो.

लिहायला बसले तेव्हा फ्रिस्को घ्या असं सांगणार होते. आता तेवढं ठाम म्हणवत नाही. दोन हजारांत सातवी आलेली मुलगी खाली बसून टाळ्या वाजवते, आणि ते घरी बोलत नाही.

ठरेल ते ठरो, जुलैतच या. टीम टेनिसचे सराव ऑगस्टच्या सुरुवातीला लागतात, शाळा उघडायच्या आधी. आणि लसींचा दाखला घेताना डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहून घ्या. आपल्या ०५/०६ ला इथली नर्स ६ मे वाचते, मग दोन डोसांतलं अंतर कमी भरतं आणि मुलीला तीच लस पुन्हा टोचतात.