वाचकांचे प्रश्न : गुडघ्याचे ‘वंगण’, बाळाचे पाऊल आणि मुलाचे कोपर

हाडे आणि सांधे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, ती संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत. रुग्णाला न पाहता शस्त्रक्रिया करावी की करू नये हे कोणालाच सांगता येणार नाही. मात्र तुमच्या डॉक्टरांना काय विचारावे आणि घरी काय पाहावे, हे नक्की सांगता येईल.

प्रश्न : आईचे वय ६४ आहे. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा अधिक. एका डॉक्टरांनी ‘वंगण संपले’ असे सांगितले. एम.आर.आय.मध्ये गुडघ्यातली गादी फाटल्याचे आले, म्हणून दुसऱ्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली. तिसऱ्यांनी थेट सांधा बदलून घ्या म्हटले. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आपण एम.आर.आय.चा अहवाल शब्दशः उतरवून पाठवला आहे. पण आई सलग किती चालू शकतात, जिना एकेक पायरी करून चढतात का, रात्री दुखण्याने जाग येते का, यांपैकी काहीच पत्रात नाही. निर्णय बहुतांशी याच गोष्टींवर होतो.

आधी वंगणाविषयी. हा शब्द समजावण्यासाठी सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. झिजलेल्या सांध्यातले पाणी सहसा संपत नाही, उलट पुष्कळदा वाढते आणि गुडघा सुजतो. झिजते ती हाडांच्या टोकांवरची काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती त्वचेसारखी भरून येत नाही. साध्या एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. तिच्यामुळे दोन हाडांत राहिलेली फट तेवढी दिसते. म्हणून एक्स-रे रुग्णाला उभे करून, दोन्ही पायांवर भार देऊन काढला पाहिजे. टेबलावर झोपवून काढलेल्या चित्रात जी फट ठीक वाटते, तीच उभे राहिल्यावर आतल्या बाजूला पूर्ण मिटलेली असू शकते. आईंचा असा एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करून घ्या, त्याला एम.आर.आय.च्या मानाने फारच थोडा खर्च येतो.

दुसरे असे की, गुडघा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाचा खुबा फिरवून पाहणे आवश्यक असते. खुब्याच्या आजाराची वेदना कित्येकदा गुडघ्यातच जाणवते. रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा वाकवून मांडी आत-बाहेर फिरवण्याला अर्धा मिनिट लागतो. गुडघ्याच्या चित्रांचा गठ्ठा घेऊन आलेल्या माणसाचा आजार खुब्यात निघावा, हा अनुभव आमच्या व्यवसायात नवा नाही.

आता फाटलेल्या गादीविषयी. ही गादी म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीसारखी लवचीक चकती; हाडांच्या टोकांवरची कूर्चा वेगळी. साठीनंतर एम.आर.आय. केला तर गादीला चीर असल्याचा उल्लेख अहवालात वारंवार येतो, गुडघा मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्याही येतो. झिजेच्या संधिवातात दुर्बिणीने सांधा धुऊन साफ करण्याचा किती उपयोग होतो, हे अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर तपासले. काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या त्वचेला केवळ छेद देऊन टाके घातले आणि कोणावर काय केले हे रुग्णांना कळू दिले नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन वर्षांपर्यंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गुडघा अचानक अडकून सरळच होईनासा झाला असेल तर गोष्ट वेगळी; आपल्या पत्रात तसे काही दिसत नाही. तेव्हा दुर्बिणीच्या सल्ल्याबाबत आपण थांबावे, असे मला वाटते.

सांधा बदलण्याचा प्रश्न उरतो. त्याआधी किमान तीन महिने मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम मन लावून करावा. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबावा, दहा अंक मोजावेत आणि सोडावे. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. एक किलो वजन कमी झाले की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. एवढे करूनही बाजारापर्यंत जाता येत नाही, रात्रीची झोप मोडते, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चालला आहे आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड लागले आहे, अशी स्थिती असेल तर सांधा बदलणे रास्त ठरते आणि मग उगाच लांबवण्यातही अर्थ नसतो.

‘गुडघा बदलणे’ म्हणजे अख्खा गुडघा काढून दुसरा बसवणे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाच्या आणि नडगीच्या टोकांचा साधारण आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा झिजलेला थर कापून त्यावर धातूची टोपी आणि तबकडी बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकचा तुकडा घालतात. काम बरेचसे दाताला कॅप बसवण्यासारखे. चांगल्या बसलेल्या सांध्यांपैकी शंभरातले ऐंशीहून अधिक २५ वर्षे टिकतात. तरीही शंभरातले दहा-वीस रुग्ण नंतर पूर्ण समाधानी नसतात, हेही आधी ऐकून घ्यावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर फार छळतो. म्हणून मधुमेह आटोक्यात आणि दात-हिरड्या निरोगी असल्याखेरीज तारीख घेऊ नये. पुढे जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे सहसा सोडावे लागते. आई रोज देवघरासमोर खाली बसत असतील तर हे त्यांना आधीच सांगा, नंतर नव्हे. कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ पासून ठरवून दिल्या आहेत. बिलावर सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि सांध्याच्या खोक्यावरचे लेबल कागदपत्रांत जपून ठेवा.

प्रश्न : सुनेला तीन आठवड्यांपूर्वी मुलगा झाला. त्याची दोन्ही पावले आत वळलेली आहेत. ग्रहणात तिने भाजी चिरली म्हणून असे झाले, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. मालिश करणाऱ्या बाई म्हणतात, तेलाने सरळ होतील. डॉक्टर दर आठवड्याला प्लॅस्टर घालायचे म्हणतात. एवढ्याशा जिवाला प्लॅस्टर? (एक आजी, जि. नाशिक)

उत्तर : आजी, सुनेने ग्रहणात काय चिरले आणि काय नाही याचा या पावलांशी कसलाही संबंध नाही. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो, मुलांत मुलींच्या दुप्पट आढळतो आणि सुमारे निम्म्या बाळांत दोन्ही पावलांना असतो. तिला दोष देणे आजच थांबवा, कारण पुढची चार वर्षे या उपचाराचा भार बहुतेक तिच्यावरच असणार आहे.

आधी एक गोष्ट डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. गर्भाशयात अडचणीत राहिल्यामुळे नुसती वळलेली पावले हाताने सहज सरळ होतात आणि त्यांना फारसे काही लागत नाही. खऱ्या वक्रपादात, ज्याला सगळे क्लबफूट म्हणतात, टाच वर ओढलेली असते, पाऊल आत वळलेले असते आणि हाताने ते पूर्ण सरळ होत नाही. त्याला मालिश पुरत नाही. बाळाची पाठ आणि खुबेही त्याच वेळी तपासले पाहिजेत.

डॉक्टर सांगतात ती पद्धत स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची आहे. लहानपणी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची पावले मोठेपणी ताठर आणि दुखरी होतात, हे पाहून त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग धरला; जगाने तो मनावर घ्यायला १९९०चे दशक उजाडले. डॉक्टर दर आठवड्याला पाऊल हातात धरून एक-दोन मिनिटे हळुवार दाबतात, जेवढे सुधारले तेवढ्यावर जांघेपर्यंत प्लॅस्टर घालतात, गुडघा काटकोनात ठेवून. साधारण पाच-सहा प्लॅस्टर लागतात. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची ताठ शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारा दोर) जागा बधिर करून बारीक छेदाने मोकळी करावी लागते. त्यावरचे प्लॅस्टर तीन आठवडे असते आणि तेवढ्यात ती शीर नव्याने जुळते. ‘शीर कापली’ या शब्दांनी घाबरू नका.

प्लॅस्टर घालताना बाळाला भूक लागलेली असावी. नेमके त्याच वेळी पाजायला घेतले की ते शांत राहते आणि डॉक्टरांचे काम नीट होते. घरी आल्यावर बोटांकडे पाहत राहा: ती गुलाबी दिसली पाहिजेत, दाबून सोडल्यावर लगेच रंग परतला पाहिजे. बोटे आत सरकून दिसेनाशी झाली तर प्लॅस्टर घसरले आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरी परीक्षा पावले सरळ झाल्यावर सुरू होते. पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातले २३ तास आणि त्यानंतर चार वर्षांचा होईपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत घालावे लागतात. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हे बूट सोडून देणे. पहिल्या दोन-चार रात्री बाळ रडेल आणि बूट काढा असे सांगणाऱ्यांत, क्षमा करा, आजीच पुढे असतात.

प्रश्न : गेल्या वर्षी नातू (वय ७) चिंचेवरून पडला, डाव्या कोपराजवळ हाड मोडले. हाडवैद्याने कामट्या घट्ट बांधल्या. दोन दिवस तो ओरडत होता, बोटे सुजली होती. हाड जुळले, पण आता मनगट खाली वाकवले की बोटे उघडतात आणि मनगट सरळ केले की मुठीसारखी वळतात. हे बरे होईल का? (एक आजोबा, जि. सातारा)

उत्तर : आपण शेवटच्या वाक्यात जे नोंदवले आहे, तेच या आजाराचे निदान आहे. हाताच्या पुढच्या भागातल्या, बोटे मिटणाऱ्या स्नायूंचा रक्तपुरवठा त्या दोन दिवसांत तुटला, स्नायू मेले आणि त्यांच्या जागी आखडलेला, न ताणणारा दोर तयार झाला. मनगट वाकवले की दोराला ढील मिळते आणि बोटे उघडतात. सरळ केले की तो ताणतो आणि बोटे मिटतात. जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. तेव्हापासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

बरे किती होईल हे किती स्नायू जिवंत आहे आणि नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, स्थिती कशी आहे यावर ठरते. दोष सौम्य असेल तर दिवसेंदिवस सरळ करत नेणारे स्प्लिंट आणि व्यायाम पुरतात. मध्यम असेल तर स्नायूंचे मूळ कोपराजवळून सोडवून खाली सरकवतात, दबलेल्या नसा मोकळ्या करतात. फारच नुकसान झाले असेल तर मांडीतला स्नायू रक्तवाहिन्यांसह हातात बसवण्यापर्यंत जावे लागते. नातवाला डोळे मिटायला सांगा आणि बोटांच्या टोकांना कापूस लावून स्पर्श कळतो का ते पाहा. कळत नसेल तर गरम भांड्यापासून हात जपावा लागेल. हातांच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्या, आणि वाट पाहू नका, कारण वाढत्या वयाबरोबर हाताच्या हाडांची वाढही मागे पडते.

दोष केवळ हाडवैद्याचा म्हणता येणार नाही. सुजलेल्या हातावर डॉक्टरने घातलेले घट्ट प्लॅस्टरही हेच करू शकते. कोपराच्या किंचित वरच्या या मोडीत हाताची मुख्य धमनी हाडाच्या अगदी समोर असते, म्हणून हाड सरकले असेल तर भूल देऊन ते बसवतात आणि त्वचेतून दोन-तीन बारीक तारा घालतात; तीन-चार आठवड्यांनी त्या बाह्यरुग्ण विभागातच काढता येतात. कोपर फार वाकवून बांधावे लागत नाही, हा तारांचा मोठा फायदा. ज्यांच्या घरी आत्ता मूल पडले आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: हाड बसवून हात स्थिर केल्यावरही वेदना वाढत असेल, औषधाला दाद देत नसेल आणि मुलाचे बोट तुम्ही हलकेच सरळ करताच ते किंचाळत असेल, तर मनगटावर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. स्नायूतला दाब धोक्याच्या पातळीला पोहोचला तरी नाडी लागू शकते. आधी पट्टी, कामट्या, प्लॅस्टर, जे असेल ते पूर्ण सैल करायचे आणि मूल लगेच रुग्णालयात न्यायचे. हाती सुमारे सहा तास असतात. आणि जुळलेल्या कोपराला तेल चोळू नका, जोर लावून वाकवू नका. त्याने स्नायूंतच हाड तयार होऊन कोपर कायमचे अडते.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मांडीच्या हाडात रॉड घातला. काही त्रास नाही, पावसाळ्यात मात्र थोडे दुखते. रॉड काढावा का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : प्रौढ माणसाला त्रास नसेल तर सहसा काढत नाहीत. टोक टोचत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा वाढत्या वयातले मूल असेल, तर काढतात. पावसाळ्यातल्या दुखण्यासाठी रॉड काढू नका; ते रॉड काढूनही अनेकांचे तसेच राहते. कधी काढावाच लागला तर स्क्रूची भोके भरेपर्यंत हाड कमकुवत असते, म्हणून पुढचे दोन-तीन महिने धावणे, उड्या आणि दुचाकीवरची धडपड टाळा. विमानतळावरच्या यंत्रात तो वाजू शकतो. शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवा.