काळ्या मातीत एकच चाक का फिरतं?

प्रश्न : काका, सा. न. आमची २०११ची पिकअप आहे, मागच्या चाकांवर चालणारी. गाडी सासऱ्यांनी घेतली, हिशेब आता माझ्याकडे आहे. सांवेरहून कांदा-बटाटा इंदूरच्या चोइथराम मंडीत नेतो. पन्नासच्या पुढे अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. पिनियनचं (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरचं) सील तीनदा बदललं, तरी तेल गळतंच. पावसात शेताच्या वाटेवर एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. मिस्त्री म्हणतो, डिफरेंशिअलच्या आतले स्टार, म्हणजे छोटे गिअर, वेल्ड करून टाकू. दीर म्हणतात, भंगारातून अख्खं डिफरेंशिअल आणू. मुलगा म्हणतो, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर बसवू. पैसे एकदाच घालायचे आहेत. काय करू? — एक वाचक, सांवेर

उत्तर : ताई, आधी वेल्डिंगवाल्याला हात जोडा. हा उद्योग मी स्वतः १९८७ साली केला आहे. एका खडीवाल्याच्या गाडीचे स्टार वेल्ड करून दिले, तो खूश, मीही खूश. पण वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं, आणि तेवढ्यासाठीच तर डिफरेंशिअल असतं. ते जाम केलं की टायर रस्त्यावर खरवडत जातात आणि सगळा पीळ एक्सल शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, येतो. महिनाभरात भेरूघाटाच्या वळणावर डावा शाफ्ट तुटला. गाडी एका चाकाच्या जोरावर सिमरोलपर्यंत आली, तीही वेल्डिंगमुळेच. साधं डिफरेंशिअल असतं तर जागची हलली नसती. पण त्या गाडीचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता, म्हणजे चाकाचं वजन हाउसिंगवर (एक्सलच्या लोखंडी कवचावर) आणि शाफ्टचं काम फक्त फिरवायचं, म्हणून चाक जागेवर राहिलं. सेमी-फ्लोटिंग असता तर तुटलेल्या शाफ्टसकट चाक दरीत गेलं असतं. तुमच्या गाडीत हबच्या मधोमध बोल्टांनी बसवलेली चकती बाहेर दिसते का, ते पाहा. दिसली तर फुल-फ्लोटिंग.

आता गळती. तीन सील घालवलीत, पण ब्रीदर कोणी पाहिला? एक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला बोंडासारखी छोटी टोपी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. आपल्या माळव्याची काळी माती त्यात शिरून सुकली की बूच बसतं. मग हवा सीलमधून वाट काढते, आणि तेलही सोबत घेऊन येते. मी एका गिऱ्हाइकाचं सील दोनदा बदललं, शिव्या खाल्ल्या, आणि मग हा गोळा नखानं खरवडून काढला. टोपी काढून डिझेलनं धुवा, बोटानं हलते ना ते बघा. खर्च शून्य.

पाय काढल्यावरच येणारा आवाज बहुधा क्राउन-पिनियनचा (क्राउन म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) किंवा पिनियनच्या बेअरिंगचा. सतत गुरगुरत असती तर मी चाकाच्या किंवा क्राउनच्या बेअरिंगकडे बोट दाखवलं असतं; फक्त वळणावर कुरकुरली असती तर स्टारकडे. उघडायच्या आधी एकदा सिमेंटच्या आणि एकदा डांबराच्या रस्त्यावर चालवून बघा. आवाज बदलला तर दोष टायरचा, आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

उघडलंच तर क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्या. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं, जोडीचा नंबरही दोन्हीवर कोरलेला असतो. नवा पिनियन आणि जुना क्राउन म्हणजे नव्या जोड्यातला एक बूट आणि जुन्यातला एक. बेअरिंगंही सगळी नवी.

मिस्त्रीचा कस लागतो तो बसवताना. आमचे उस्ताद मारुतीला वाहतात तोच शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या आठ-दहा दातांवर लावायचे आणि हातानं क्राउन फिरवायचे. पिनियन जिथे टेकला तिथला शेंदूर पुसला जातो. तो डाग दाताच्या मध्यावर हवा. शेंड्याकडे आला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, त्याच्यामागे जाड शिम (पत्र्याची चकती) टाका. मुळाशी आला तर पिनियन फार आत घुसलाय, शिम पातळ करा. डाग आतल्या किंवा बाहेरच्या टोकाला सरकला तर क्राउन सरकवून दातांमधली मोकळीक बदलायची. मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण. ती डायल गेजनं, म्हणजे काटा असलेल्या मापयंत्रानं, मोजतात. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

पिनियनचा नट आवळताना आतली स्लीव्ह (लोखंडी नळकांडं) चेपत जाते आणि बेअरिंगवर ताण बसतो. ती दर वेळी नवीच लागते. जास्त आवळला गेला तर नट सैल करून चालत नाही, पुन्हा नवी स्लीव्ह. ताण मोजायला आम्ही फ्लँजला, म्हणजे पिनियनच्या तोंडाच्या चकतीला, दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्यानं ओढतो. पुस्तकात २० किलो-सेंटिमीटर असेल आणि फ्लँजच्या मध्यापासून दोरी ५ सेंटिमीटरवर असेल, तर फिरताना काट्यावर ४ किलो दिसले पाहिजेत. कांद्याचं वजन करणाऱ्या घरात काटा असेलच.

भंगारातला एक्सल वाईटच असतो असं नाही. फक्त त्याचा रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, तुमच्याशी जुळला पाहिजे. तुमचा रेशो घरीच काढा: बाकी चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर. ते दोन पूर्ण फेरे फिरवा (दुसरं चाक जागेवर असतं, म्हणून एकाऐवजी दोन) आणि गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. साडेचारच्या जरा पुढे आला तर ४१ आणि ९ दातांची जोडी असू शकते. रेशो चुकला तर गाडी चढावर रडेल आणि स्पीडोमीटर खोटं बोलेल.

आता मुलाचा लॉकर. लोक म्हणतात, सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला जाते. तसं होत नाही. साधं डिफरेंशिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला जेवढा जोर पेलवतो, तेवढाच कोरड्यातल्याला मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिरप्या गिअरांचं लिमिटेड-स्लिप, म्हणजे एका चाकाला मोकाट फिरू न देणारं डिफरेंशिअल, कोरड्या चाकाला त्याच्या दोन-तीन पट देतं, पण शून्याची तिप्पट शून्यच. चाक अधांतरी असलं तर हँडब्रेक थोडा ओढावा लागतो, म्हणजे त्या चाकाला खोटा भार मिळतो. क्लचच्या चकत्यांचं लिमिटेड-स्लिपही चालतं, पण चकत्या झिजतात आणि तेलात वेगळं औषध घालावं लागतं. थारमध्ये आलेलं मेकॅनिकल लॉक चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप जाम होतं, आणि गाडी जोरात असताना लागत नाही. गुरखामध्ये लॉक ड्रायव्हरच्या हातात असतं. चिखलासाठी मला हेच आवडतं, पण तुमच्या एक्सलमध्ये ते बसवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

माझं मत विचाराल तर तिरप्या गिअरांचं घ्या, तेही तुमच्या शाफ्टच्या खाचा आणि रेशो त्याला जुळत असतील तरच. नसतील तर साधंच राहू द्या आणि ते पैसे मागच्या खोल नक्षीच्या टायरांवर घाला. लॉक झालेल्या गाडीची दोन्ही चाकं एकदम सुटली की तिरक्या उतारावर शेपूट घसरतं, मागे पोती असली की जास्तच. आणि ओल्या काळ्या मातीत फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी कुठल्याही डिफरेंशिअलनं रुततेच. पावसाचे दोन महिने पोती ट्रॅक्टरनं पक्क्या रस्त्यापर्यंत आणा, दिरांना सांगा.

तेल ८०डब्ल्यू-९०, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं घ्या. पुस्तकात नसेल तर तेच गिअरबॉक्समध्ये ओतू देऊ नका, आतल्या पितळेच्या रिंगांना बाधू शकतं. पहिले पाचशे किलोमीटर अर्धाच माल भरा, पहिल्या दिवशी तर वीस किलोमीटरवर थांबून हाउसिंग निवू द्या. आठशेला तेल काढा आणि बूचाचं चुंबक पुसून बघा. काळं मलम निघालं तर ठीक. चमकणारे तुकडे हाताला लागले तर कागदात गुंडाळून ठेवा आणि मला पुन्हा लिहा.