देणगी खोलीला द्यावी की माणसाला?

प्रश्न : माझी पत्नी प्राथमिक शिक्षिका होती. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या नावे चार लाख रुपये शाळेसाठी द्यायचे ठरवले आहे. नातेवाईक म्हणतात, एखाद्या जिल्हा परिषद शाळेला प्रोजेक्टर द्या, नाहीतर कमान बांधा. पण ती नेहमी म्हणायची, 'नोकरीच्या पहिल्या वर्षी मला कुणी विचारलंसुद्धा नाही.' नवीन शिक्षकांसाठी हे पैसे वापरता येतील का? तिच्या टाचणवह्यांची, म्हणजे रोजचे पाठ आखायच्या वह्यांची, एक ट्रंक घरी आहे. तिचं काय करावं, तेही सुचत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पैसे नवीन शिक्षकांसाठीच द्या.

मी 1987 मध्ये अकोले तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले. पहिली-दुसरी एकाच खोलीत, पट 31. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवलं होतं. पण मूल तोंडच उघडत नसेल तर काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीपर्यंत मी रोज संध्याकाळी रडत होते. त्या वर्षी एक निवृत्त गुरुजी दर गुरुवारी शाळेत यायला लागले. त्यांचं एस.टी.चं भाडं आणि थोडं मानधन तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यांच्या एका धर्मादाय निधीतून मिळायचं.

पहिल्या दिवशी ते मागे बसले आणि काहीच बोलले नाहीत. सुटीत त्यांनी वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. मुलं जशी बसली होती तसे 31 ठिपके, आणि अर्ध्या तासात जे मूल बोललं त्याच्या ठिपक्यावर खूण. खुणा चार होत्या, चारही माझ्या टेबलाजवळ. 'बाई, पुढच्या गुरुवारी दाराशी उभ्या राहून शिकवा,' एवढंच म्हणाले. मी दाराशी उभी राहिले. तिथे बसणाऱ्या मुलीला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? खूप वेळाने ती म्हणाली, 'नागलीची भाकर.' मी फळ्यावर 'नागली' लिहिलं. तिने वाचलेला तो पहिला शब्द. पुढे मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या केंद्रावर देखरेख करणारी अधिकारी झाले, शेकडो वर्ग पाहिले. ठिपक्यांचं ते पान प्रत्येक नव्या शिक्षकापुढे ठेवत आले.

केंद्रप्रमुखाने हे करायचंच असतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण त्याच्याकडे अनेक शाळा, रोजच्या माहितीचे तक्ते आणि बैठका असतात. शिवाय नवा शिक्षक वरिष्ठासमोर 'मला जमत नाही' असं म्हणत नाही. त्याची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कायम न होता नुसत्या मानधनावर जातात. प्राथमिकला मानधन महिना 16,000 रुपये, तेही 2023 पासून. त्याआधी 6,000 होतं. त्यात खोलीभाडं आणि पेट्रोल. कायम होईपर्यंत तो चूक लपवणारच. म्हणून तुमच्या पैशातून त्या गुरुजींसारखा एखादा निवृत्त शिक्षक नव्यांच्या वर्गात पाठवा, आणि तो कुणालाही अहवाल देणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी लेखी घाला. ही अट मान्य नसेल तर पैसे देऊ नका, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

हिशेब असा. एकाच केंद्रातले दहा नवे शिक्षक घ्या. प्रत्येकाच्या वर्गात महिन्यातून दोनदा जायचं. एका दिवशी दोन वर्ग धरले तर दहा दिवस. प्रवास आणि मानधन मिळून दिवसाला 1,200 धरा : महिना 12,000, दहा महिन्यांचे 1,20,000. गोष्टींची पुस्तकं आणि महिन्यातून एक एकत्र बैठक यांना 30,000. म्हणजे वर्षाला दीड लाख. दोन वर्षं सलग चालवा, कारण पहिल्या वर्षी शिक्षक नुसता सावरतो, शिकवण्यात बदल दिसतो तो दुसऱ्या वर्षी. उरलेले लाखभर हाताशी ठेवा. निवृत्त माणूस निवडताना पुरस्कार बघू नका, तो मुलांजवळ खाली बसतो का ते बघा.

गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल, शाळा व्यवस्थापन समितीलाही विश्वासात घ्या. हा व्याप झेपणार नसेल तर आधीपासून शिक्षकांबरोबर काम करणाऱ्या संस्थेशी बोला. फलटणची प्रगत शिक्षण संस्था किंवा वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट. प्रत्यक्ष जाऊन एक दिवस त्यांच्या माणसांबरोबर वर्गात बसा, मग ठरवा. जुन्या करप्रणालीत देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर ती त्यासाठी नोंदणीकृत असलेल्या संस्थेलाच आणि चेकने द्या. 2,000 च्या वरच्या रोख रकमेला सवलत नाही.

आणि हे काही नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1935 मध्ये अध्यापक घडवणारं विद्यालय काढलं. गावोगाव शाळा काढायच्या तर आधी शिक्षक तयार हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता ट्रंक. वह्या रद्दीत देऊ नका. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वह्या वेगळ्या काढा आणि दहा जणांच्या पहिल्या बैठकीत त्यांच्या हातात द्या. जिथे बाईंनी खोडून पुन्हा लिहिलं असेल ती पानं आधी दाखवा.