तालमीशिवायचं नाटक

प्रश्न : ताई, मी आठवीला इतिहास शिकवते. वर्गात ५५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. ‘नाट्यीकरण करा’ असं प्रशिक्षणात सांगतात. पण दोन-तीन धीट मुलं संवाद पाठ करून बोलतात आणि बाकीची खिदळत बसतात. तालमीला वेळ आणायचा कुठून?
– एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : बाई, आधी तालीमच सोडून द्या. पाठ केलेले संवाद, दाढीमिशा, समोर प्रेक्षक हे सगळं स्नेहसंमेलनाला ठेवा. तासाला हवा असतो एक पेच, आणि त्यात अख्खा वर्ग ओढला गेला पाहिजे. इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांचं काम या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या वर्गात शिक्षक स्वतः भूमिकेत शिरायचा आणि मुलांना त्या प्रसंगातली माणसं म्हणून बोलतं करायचा.

१८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात आला आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव कोसळला, शेतसारा मात्र वाढलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. एवढी पार्श्वभूमी पाच मिनिटांत सांगून होते.

मग मी गळ्यात उपरणं घालते. आता मी चौकशीला आलेला सरकारी साहेब आणि सगळा वर्ग म्हणजे सुपे गाव. “धान्य लुटलंत ते समजलं. पण वह्या कशाला जाळल्यात? त्या काय खायच्या होत्या?” आधी वर्ग गप्पच असतो. ती शांतता सहन करा, मदतीला धावू नका. मागच्या बाकावरून कुणीतरी उठतं: “साहेब, आम्हाला वाचता येत न्हाई. वहीत काय लिव्हलंय ते त्योच सांगनार.” दुसरा म्हणतो, “आज्यानं घेतलेलं, मी फेडतोय.” पुस्तकातल्या प्रश्नांना कधी तोंड न उघडणारी मुलं असं बोलतात. ते ऐकताना मला आजही भरून येतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. सावकाराच्या जातीची, बोलीची नक्कल सुरू झाली की तिथल्या तिथे थांबवा. रोख कर्जाच्या व्यवहारावर राहू द्या. आणि “तुमच्या घरी कर्ज आहे का?” असं चुकूनही विचारू नका. तुमच्या भागात हा प्रश्न किती घरांत दुखरा आहे ते मी काय सांगायचं! भूमिकेच्या आडून मुलाला हवं तेवढंच बोलता येतं, ती आड त्याच्याजवळ राहू द्या.

दहा-बारा मिनिटांत उपरणं काढा, “साहेब गेला” असं मोठ्यानं म्हणा आणि पुस्तक उघडायला सांगा. १८७९ च्या कायद्यानं कर्जाचा हिशेब मुळापासून तपासायचा अधिकार न्यायालयाला दिला. तो का द्यावा लागला, हे आता वर्गच तुम्हाला सांगेल.

घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकानं चौकशी आयोगाला आठ ओळींचा अर्ज लिहून आणायचा. म्हणजे ज्यांना बोलायची संधी मिळाली नाही, त्यांचंही म्हणणं तुमच्यापर्यंत पोचेल. गुण द्यायचे ते या अर्जाला द्या, अभिनयाला नकोत.