कॅमरन स्मिथ खरोखर थोर खेळाडू होता, की केवळ दीर्घकाळ टिकलेला?

रग्बी लीगमध्ये शरीराची एवढी झीज होत असताना मेलबर्न स्टॉर्मचा कॅमरन स्मिथ एकोणीस हंगाम कसा खेळला, आणि त्याचे विक्रम थोरवीचे मानायचे की नुसत्या चिवटपणाचे, असे आपण विचारले आहे. मेलबर्नमध्ये राहून हा खेळ मनापासून पाहणारा प्रेक्षक म्हणून मला वाटते, की हे दोन प्रश्न वेगळे काढता येणार नाहीत. ज्या गुणाने त्याला टिकवले, त्याच गुणाने त्याने सामनेही जिंकले, आणि तो गुण म्हणजे कोणत्या क्षणी काय करायचे याचा अचूक निर्णय.

आधी आकडे पाहू. क्वीन्सलँडमधील लोगन येथे वाढलेला स्मिथ २००२ मध्ये स्टॉर्मकडून पहिला सामना खेळला आणि २०२० च्या अंतिम सामन्यापर्यंत त्याच एका क्लबसाठी ४३० सामने खेळला. एनआरएल या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील क्लबांच्या अव्वल रग्बी लीग स्पर्धेत ४०० चा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच खेळाडू. त्याच्यापूर्वीचा विक्रम डॅरेन लॉकियरचा होता, तोही ३५५ सामन्यांचा. याशिवाय क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधील वार्षिक स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेत क्वीन्सलँडसाठी ४२ आणि ऑस्ट्रेलियासाठी ५६ कसोटी सामने वेगळेच. त्या काळात साखळी फेरीत एका संघाचे साधारण २४ सामने होत असत हे लक्षात घेतले, तर दुखापतीमुळे तो किती क्वचित बाहेर बसला असेल याची कल्पना येते.

ही गोष्ट विशेष का, हे समजण्यासाठी त्याची मैदानावरील जागा समजून घ्यायला हवी. स्मिथ हुकर होता, पाठीवर ९ क्रमांक. लीगमध्ये तेरा-तेरा खेळाडू असतात आणि चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा पकडले जाण्याची, मुभा मिळते. प्रत्येक टॅकलनंतर पकडला गेलेला खेळाडू उठतो आणि पायाने चेंडू मागे सरकवतो, आणि तो चेंडू उचलणारा बहुतेक वेळा हुकरच असतो. म्हणजे आक्रमणात जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, आणि बचावात त्याला मधोमध उभे राहून प्रतिस्पर्ध्यांचे सर्वांत धिप्पाड खेळाडू अंगावर घ्यावे लागतात. एका सामन्यात हुकरने चाळीसच्या आसपास टॅकल करणे ही नेहमीची बाब आहे. स्मिथचे वजन नव्वद किलोंच्या आसपास, तर समोरून धावत येणारे अनेक जण शंभरच्या पुढचे. तो फार वेगवान नव्हता आणि अंगापिंडानेही चारचौघांसारखाच दिसे.

मग तो करत काय असे? वाकून चेंडू उचलल्यावर बहुतेक हुकर तत्क्षणी पास देतात. स्मिथ पुष्कळदा चेंडू दोन्ही हातांत धरून दोन-तीन पावले आडवा चालत जाई, आणि तेवढ्यात टॅकलच्या जागेजवळचा बचावपटू त्याच्याकडे झुकला की नेमक्या त्याच्याच मागे रिकाम्या झालेल्या जागेत आपल्या धावत्या सहकाऱ्याला चेंडू देई. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू रेंगाळत राहून बचाव फळीला आधी पाऊल उचलायला लावतो, तसाच हा प्रकार. बचावपटू हललाच नाही, तर स्मिथ स्वतः पुढे घुसे, किंवा मागे कोणी नाही हे हेरून चेंडू लांब लाथाडे. आपला संघ दमला आहे असे दिसले, की तो सावकाश खेळे. पंचांशी शांतपणे बोलण्यात चार-दोन क्षण घालवून सहकाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळवून देणे हेही त्याचेच काम. प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांना त्याचा हाच स्वभाव सर्वांत अधिक खुपला.

टॅकलमध्येही शास्त्र होते. प्रशिक्षक क्रेग बेलामी २००३ मध्ये आले आणि त्यांच्या काळात स्टॉर्मने कुस्ती व जिउ-जित्सूच्या तंत्रांचा पद्धतशीर सराव सुरू केला. धडक खांद्यावर झेलण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून खेळाडूला धरायचे, वळवायचे आणि सावकाश खाली आणायचे. याने शरीर वाचते आणि समोरच्याचा वेगही मोडतो, परंतु या तंत्राची काळी बाजूही आहे आणि ती लपवू नये. २००८ मध्ये मानेभोवती पकड घातल्याबद्दल स्मिथवर बंदी आली, तो अंतिम सामन्याला मुकला आणि स्टॉर्म मॅनलीकडून ४०–० असा हरला. ती शिक्षा मला योग्यच वाटते.

दुसरा डाग क्लबचा. खेळाडूंच्या मानधनावरील मर्यादा स्टॉर्मने वर्षानुवर्षे मोडल्याचे २०१० मध्ये उघड झाले, २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेतली गेली, आणि त्या हंगामात गुण मिळणारच नाहीत हे ठाऊक असूनही संघ शेवटपर्यंत खेळला. स्मिथ त्यानंतरही क्लबमध्येच राहिला. पुढची २०१२, २०१७ आणि २०२० ही तीन विजेतेपदे निर्विवाद आहेत.

‘केवळ टिकला’ या शंकेचे खरे उत्तर २०१७ हे वर्ष देते. चौतिसाव्या वर्षी, ज्या वयात हुकर सहसा निवृत्तीच्या गोष्टी करतात, स्मिथने त्या एका वर्षात ओरिजिन मालिका जिंकली, एनआरएलच्या सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक मिळवले, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजला ३४–६ असे हरवून विजेतेपद घेतले, आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून इंग्लंडविरुद्ध ६–० अशा अटीतटीच्या सामन्यात विश्वचषकही उचलला. जगातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा गोल्डन बूटही त्या वर्षी त्याचाच होता. हे दोन्ही वैयक्तिक सन्मान त्याला पहिल्यांदा मिळाले त्याला तेव्हा सुमारे दहा वर्षे झाली होती: पदक २००६ मध्ये, बूट २००७ मध्ये. नुसत्या उपस्थितीवर असे होत नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, तो राज्य आणि देशाच्या संघांतून निवृत्त झाला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे शेवटचे तीन क्लब हंगाम त्याला याच निर्णयामुळे लाभले. ओरिजिनचे तीन सामने ऐन हंगामात येतात आणि त्यांची धडक एनआरएलहूनही कठीण असते. २०१९ मध्ये त्याने एनआरएलमधील सर्वाधिक गुणांचा हझेम एल मस्रीचा विक्रम मोडला. शेवटची त्याची बेरीज २,७८६ झाली, त्यात ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, फक्त ४८ वेळा. बाकी जवळजवळ सगळे गुण गोलखांबांमधून मारलेल्या १,२९५ लाथांचे. २०२० मध्ये कोरोनामुळे संघाला व्हिक्टोरिया सोडून क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टवर मुक्काम हलवावा लागला, तरीही सदतीस वर्षांच्या स्मिथने पेनरिथविरुद्ध २६–२० असा अंतिम सामना जिंकून दिला आणि त्यात स्वतः ट्रायही केला.

आपण हा खेळ नव्याने पाहत असाल, तर २०१७ चा अंतिम सामना मिळवून पाहा, आणि निदान पहिली वीस मिनिटे धावणाऱ्याचा पाठलाग न करता नजर ९ क्रमांकावरच ठेवा. चेंडू उचलण्याआधी तो कुठे पाहतो आणि किती क्षण थांबतो, एवढेच टिपत गेलात तरी माझे म्हणणे आपल्याला पडताळून पाहता येईल.