निवासमंडपातल्या खुणा कशा वाचायच्या?

प्रश्न : बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातली निवासमंडपाची (इस्राएल लोकांनी अरण्यात देवासाठी उभारलेल्या तंबूची) मापं, फळ्या, उथळ्या (फळ्यांखालच्या बैठका) वाचताना मला कंटाळा येतो. अभ्यासवर्गात मात्र सांगतात, की प्रत्येक वस्तूत गूढ अर्थ आहे : निळा म्हणजे स्वर्ग, किरमिजी म्हणजे रक्त, बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचा मानवी देह. हे कितपत धरायचं? – एक वाचक

उत्तर : कंटाळा येतो हे मोकळेपणानं लिहिलंत, बरं केलंत. रंगांचे अर्थ निर्गमात कुठेही दिलेले नाहीत. ते पुढच्या भाष्यकारांनी लावले. भक्तीला उपयोग होत असेल तर खुशाल घ्या, पण ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणू नका. आणि बाभळीचंच म्हणाल, तर अंगणातली होमवेदीही बाभळीची आणि आतला कराराचा कोशही (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) बाभळीचाच. फरक मढवण्यात आहे : वेदीवर पितळ, कोशावर सोनं.

माझ्या मते अर्थ शोधायचा तो इथे, मांडणीत. अंगण 100 हात लांब, 50 हात रुंद. दार पूर्वेला. आत शिरलं की पितळी वेदी, मग पितळी गंगाळ. तंबूच्या आत सगळं सोन्याचं. इस्राएली माणूस बळी घेऊन अंगणापर्यंत यायचा, पवित्रस्थानात फक्त याजक, आणि अंतरपटापलीकडच्या, म्हणजे आतल्या पडद्यामागच्या परमपवित्रस्थानात वर्षातून एकाच दिवशी एकटा महायाजक. त्या अंतरपटावर करुब (पंख असलेले स्वर्गीय प्राणी) काढलेले होते. आदाम-हव्वेला जिथून घालवलं त्या एदेन बागेच्या पूर्वेला पहारा करणारेही करुबच, आठवतं ना? म्हणजे पूर्वेकडून आत जाणारा माणूस हरवलेल्या बागेच्या दिशेनंच चालतो आहे. सोन्याच्या दीपवृक्षाला, म्हणजे झाडासारख्या दिवठणीला, बदामाच्या फुलांच्या वाट्या का, हेही मग उमगतं.

आता उथळ्या. हा भाग लोक हमखास गाळतात आणि माझा तर तो सगळ्यात आवडता. तंबूच्या 48 फळ्या, सोन्यानं मढवलेल्या, प्रत्येकी 10 हात उंच. प्रत्येक फळीखाली चांदीच्या दोन उथळ्या; अंतरपटाच्या चार खांबांखाली आणखी चार. एकूण 100, आणि एकेक उथळी एक किक्काराची, म्हणजे तीस किलोच्या वर. ही चांदी हौसेच्या देणग्यांतली नव्हे. शिरगणतीत वीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक पुरुषानं जिवाबद्दल खंड (मोबदला) म्हणून अर्धा शेकेल (चांदी तोलायचं वजन) द्यायचा होता. श्रीमंतानं जास्त द्यायचं नाही, गरिबानं कमी नाही. निर्गम 38 मध्ये हिशेबच आहे : माणसं 6,03,550, चांदी 100 किक्कार आणि वर 1,775 शेकेल. एका किक्काराचे 3,000 शेकेल, तेव्हा एकेका उथळीत 6,000 जणांचे अर्धे शेकेल वितळलेले. वरच्या 1,775 शेकेलांतून खांबांच्या आकड्या वगैरे झाल्या. देवाच्या घराची सोनेरी भिंत उभी राहिली ती सगळ्यांच्या सारख्याच खंडावर, आणि त्यात कुणाची चांदी कुठली हे कुणालाच ओळखता येणार नव्हतं. देणगीदारांच्या पाट्यांची आवड असलेल्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

पुढे राजा शलमोनानं यरुशलेमात बांधलेल्या मंदिरात सगळंच मोठं झालं. परमपवित्रस्थान लांबी, रुंदी, उंचीला 20 हात, चौरस पेटीसारखं. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं नवं यरुशलेमही लांबी-रुंदी-उंचीला सारखंच आहे आणि त्यात मंदिर नाही. माझं वाचन असं, की तिथे अख्खं नगरच परमपवित्रस्थान झालं आहे.

ख्रिस्ताशी सांधा कुठे जोडायचा, तर नवा करार स्वतः जोडतो तिथे. शुभवर्तमानात मत्तय सांगतो, की येशूच्या मरणावेळी मंदिरातला अंतरपट वरून खालपर्यंत फाटला. इब्री लोकांस पत्रात तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच पत्राचा लेखक नवव्या अध्यायात दीपवृक्ष, मेज, कोश, करुब अशी यादी देतो आणि यांविषयी आता सविस्तर सांगता येत नाही म्हणून पुढे सरकतो. वर्गात कुणी प्रत्येक दोरीचा अर्थ सांगू लागलं, तर हे वचन नम्रपणे वाचून दाखवा.