स्वतःचंच चित्र काढताना रडू का येतं?

"हत्ती, घर, डोंगर सगळं हौसेनं काढते. 'मी' काढायला सांगितलं की रडते आणि कागद फाडते. तिला न्यूनगंड तर नसेल ना?" तिसरीतल्या, साडेआठ वर्षांच्या मुलीचे आईवडील हा प्रश्न घेऊन आले होते. शाळेत भिंतीवर लावायला प्रत्येकाचं स्वतःचं चित्र हवं होतं आणि वर्गात हिचंच राहिलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

फाडलेले कागद घेऊन यायला सांगितलं होतं, ते बरं झालं. चार कागद होते. चारही ठिकाणी डोळे कपाळाच्या जागी, मान काडीसारखी, नाक इंग्रजी एलसारखं. एका गालावर खोडून खोडून भोक पडलेलं. पण विचारल्यावर ती रडली नाही. सरळ म्हणाली, "हे माझ्यासारखं नाहीये." आणि ते खरंच होतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोल, दोन टिंबं आणि एक रेघ म्हणजे 'मी' हे पुरतं. आठव्या-नवव्या वर्षाच्या आसपास त्याला ते चित्र आपल्यासारखं दिसायला हवं असतं. नजर पुढे गेलेली असते, हात मागे असतो. हत्ती चुकला तर कोण ताडून बघतो? स्वतःचा चेहरा मात्र समोरच असतो. म्हणून आधी पद्धत दुरुस्त करायची आणि मग काय उरतं ते बघायचं, असं ठरलं. आत्मविश्वासावर गप्पा मारण्याआधी पट्टी आणि आरसा.

पट्टी कागदाची. मुलीच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, म्हणजे केसांचा फुगवटा मोजला जात नाही. पुस्तकापासून हनुवटीपर्यंत पट्टी कापली आणि मधोमध दुमडली. घडी बरोबर डोळ्यांवर आली. तिचा विश्वास बसेना. आईला मोजलं, बाबांना मोजलं, तेच. मुलं डोळे वर काढतात, कारण त्यांच्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड. कपाळ आणि टाळू हिशेबातच नसतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याची जागा, कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत, मान जबड्याहून थोडीच अरुंद. हे नियम पाठ करून घ्यायचे नाहीत, बोटं लावून तपासायचे.

आरसा साधारण ६ बाय ८ इंचांचा, कडा बोथट, आणि महत्त्वाचं म्हणजे पुस्तकांना टेकवून उभा केलेला. टेबलावर आडवा ठेवला तर नाकपुड्याच दिसतात. हातात धरला तर कागद धरायला हात उरत नाही. उजेड खिडकीचा, एका बाजूनं. मोबाइलवरचा सेल्फी नको. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मूल तेच इमानदारीनं उतरवतं.

एक डोळा मिटून, डोकं न हलवता तिनं आरशावरच स्केचपेननं चेहऱ्याची कड गिरवली. हा चेहरा खऱ्याच्या निम्मा भरतो: २० सेंटीमीटरचा असेल तर १०, मग आरशापासून कितीही लांब बसा. कागदावर तेवढाच उतरवला तर पापण्या, भुवया काढायला जागाच राहत नाही. म्हणून ११ बाय १५ इंचांच्या कागदावर डोकं वीतभर उंच. पेन्सिल २बी, हलक्या हातानं. खोडरबर दप्तरात. चुकलेली रेघ राहू द्यायची, शेजारी दुसरी काढायची. भोक पडण्याचं कारणच गेलं.

बाबांना मात्र एक सांगावं लागलं: तिच्या कागदावर तुम्ही पेन्सिल लावायची नाही. मदत म्हणून त्यांनी एक डोळा काढून दिला होता. उरलेला सगळा चेहरा त्या डोळ्यापुढे वाईट दिसला आणि तिसरा कागद फाटला.

दुसऱ्या बैठकीत रेखाटन जमलं. रंगाची वेळ आली तेव्हा सावळ्या मुलीनं सरळ गुलाबीसर 'स्किन' खडू उचलला. "चेहऱ्याचा रंग हाच असतो ना?" अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं याच धर्तीच्या खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे मुलांच्या तोंडी तो अजून 'स्किन कलर'च आहे. ह्यात न्यूनगंड शोधायची घाई नको. पण आई गप्प झाली. मग कळलं, आजी रोज साय-हळद लावते, "थोडी उजळेल" म्हणत. पद्धत दुरुस्त झाल्यावर उरलं ते हे. आणि ते मुलीचं नव्हतं, घराचं होतं.

म्हणून तिसऱ्या बैठकीला आजीही आली. पोस्टर कलर: पिवळा दोन भाग, लाल एक भाग, निळा ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच. निळा जास्त झाला की हिरवट चिखल होतो. या तपकिरीत थोडा थोडा पांढरा घालत छटा. नुसत्या पांढऱ्यानं रंग खडूसारखा राखट होतो, सोबत पिवळ्याचा थेंब हवा. सावलीला काळा नको, चेहरा मळका दिसतो; तीच तपकिरी आणि कणभर निळा. छटा कार्डाच्या पट्टीवर लावून, वाळू देऊन मनगटाच्या आतल्या बाजूला धरायची, कारण ओला रंग फसवतो. चौघांच्या चार छटा निघाल्या. मुलीनं नावं दिली: गूळ, चहा, खारीक, बदाम. गूळ ती स्वतः. आजीची खारीक. घरी सायीचं काय झालं याची चौकशी पुढच्या भेटीत केली. बंद झाली होती, निदान तिच्यासमोर तरी.

एका चित्रावरून मनाचं निदान होत नाही. माणसाचं चित्र काढायला लावणारी फ्लोरेन्स गुडइनफ यांची १९२६ची चाचणीसुद्धा तपशील मोजून बौद्धिक वाढीचा अंदाज घेण्यासाठी होती, दुःख हुडकण्यासाठी नव्हे. मूल चित्राबाहेरही "मी घाण दिसते" म्हणत असेल, फोटो आणि आरसा टाळत असेल, शाळेला जायला नको म्हणत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर मात्र तज्ज्ञांना विचारायला थांबू नये. सगळीच चित्रं आणि लिहिणंही नकोसं असेल तर आधी डोळे तपासावेत आणि पेन्सिलची पकड पाहावी.

चित्र शाळेत लागलं. डाव्या भुवईतली पडल्याची खूण तिनं आरशात दिसली तशी काढली होती. वर्गातल्या एकानं सांगितलं, चुकीच्या बाजूला आहे. चित्रकार व्हॅन गॉगचा कान डावा कापलेला, पण आरशात बघून काढलेल्या १८८९च्या स्वतःच्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, हे तिला बैठकीत दाखवलं होतं. आईच्या सांगण्यानुसार तिनं त्या मुलाला हात धरून वॉशबेसिनवरच्या आरशापुढे नेलं आणि म्हणाली, "आता तू तुझा कान पकड."